पाव टाकी

आमच्या बाबांनी गाडीची टाकी कधी पूर्ण भरली नाही. पाव टाकी भरायची, काटा तळाला टेकला की आणखी पाव. पंपावरचा माणूस वैतागून म्हणायचा, "काटेवाले, एकदाच भरा की! रोज काय दर्शन देता?"  बाबा पंपाच्या नळीकडे डोळे लावून उभे असायचे, शेवटचा थेंब टाकीत पडतो की जमिनीवर ते बघत. भरलेली टाकी म्हणजे चोराला आमंत्रण, असं त्यांचं पक्कं मत होतं. गाडी नेली तर नेली, पण नेणाऱ्याला ती फार लांब घेऊन जाता येऊ नये.

काटेवाले हे त्यांचं बाजारातलं नाव. दुकानांमधले वजनकाटे ते दुरुस्त करायचे. जुन्या व्हॅनच्या मागच्या भागात लाकडी पेटी, पेटीत लहानमोठी पितळी वजनं, एक पक्कड, चार स्क्रूड्रायव्हर आणि एक मऊ फडकं. दुकानात जायचं, काट्यावर आपली वजनं ठेवायची, खोट शोधायची आणि काढायची. दुकानदार आधी चहा मागवणार, मग हळूच म्हणणार, "जरासा आपल्या बाजूला झुकता ठेवा की, कुणाला कळतंय!" बाबांना रोज हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवायचंच. दिवसभर लोकांनी झुकवलेले काटे सरळ करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन लोकांवर विश्वास टाकायचा, हे त्यांना काही जमलं नाही.

घरीही तीच तऱ्हा. शाळेत मी वर्गात पहिली आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पेपर कुणी तपासले?" माझं लग्न ठरलं तेव्हा म्हणाले, "मुलगा फारच चांगला वाटतोय. कुठेतरी पाणी मुरतंय." लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी माझ्या नवऱ्याशी हात मिळवल्यावर ते स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ चाचपतात. नवरा हसतो. मला हसू येत नाही, कारण तो किडा थोडासा माझ्यातही आहे आणि तो कुठून आला हे मला ठाऊक आहे.

व्हॅन घेतली तेव्हा मी आईच्या मांडीवर बसण्याइतकी लहान होते. विकणाऱ्याने सांगितलं होतं की पेट्रोल संपत आल्याचा लाल दिवा लागला तरी गाडी बरीच चालते. बरीच म्हणजे किती? बाबांनी त्याच्यावर विश्वास ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी पेट्रोलचा एक कॅन मागे ठेवला, आम्हा दोघींना पुढे बसवलं आणि दिवा लागल्यावर इंजिन बंद पडेपर्यंत गाडी चालवली. आई बिचारी ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बांधून बसली होती. तिला वाटलं, फिरायला चाललोय. गाडी गोदामांच्या मागच्या ओसाड रस्त्यावर आचके देऊन थांबली. बाबांना कोण आनंद झाला! कॅनमधलं पेट्रोल ओतून आम्ही परत आलो. लग्नानंतर आपण लांब गेलो ते तेवढंच, असं आई अजून म्हणते.

त्या दिवसापासून बाबांना दिवा लागल्यावरची गाडी तोंडपाठ झाली. घरापासून निघालं तर नदीच्या पुलापर्यंत नक्की. सपाट रस्ता धरला तर त्याच्याही थोडं पुढे. पुलाचा चढ मात्र धोक्याचा, कारण तळाचं उरलंसुरलं पेट्रोल चढावर मागे सरकतं आणि इंजिन कोरडं पडतं. आमचं सगळं बालपण या हिशेबात बसवलेलं होतं. पुलापलीकडे कुणाकडे जायचं म्हटलं की बाबा म्हणणार, "तिथे काय ठेवलंय?" त्यांच्याशिवाय गाडी कुणी चालवत नसे. फार वर्षांपूर्वी आईने एकदा म्हटलं होतं, "मलाही शिकवा ना." त्यावर बाबा म्हणाले होते, "रस्त्यावर सगळे टपून बसलेले असतात." विषय संपला. आईने पुन्हा विचारलं नाही. ती मुळात कमीच बोलते आणि एकदा विचारलेलं दुसऱ्यांदा विचारत नाही.

गेल्या वर्षी मी थोडे दिवस माहेरी गेले होते. पहिल्याच संध्याकाळी पाहिलं, तर बाबा अंगणात गाडीपाशी ओणवे होऊन टाकीत पातळ प्लास्टिकची नळी खुपसत होते. नळी बाहेर काढायची, किती ओली झाली ते उजेडात धरून बघायचं, पुसायची, पुन्हा खुपसायची. गाडीतल्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हताच, आणि किलोमीटर मोजणारे आकडे कधीचेच मेले होते. टाकीच्या झाकणाला कुलूप होतं. त्याची किल्ली बाबांच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली असायची, अंघोळीलासुद्धा.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. तू आत जा."

काय झालं होतं ते त्यांनी मला सांगितलं, पण फार नंतर, हॉस्पिटलच्या खाटेवरून. टाकीतलं पेट्रोल कमी होत होतं. त्यांनी वापरलं नसताना, कुलूप शाबूत असताना. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. आधी संशय पंपावरच्या माणसावर, की हा कमी घालतो. त्यांनी पंप बदलला. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यावर, की हा खालून नळी काढून चोरतो. म्हणून ते दोन रात्री खिडकीत बसले, डोळ्यांत तेल घालून. कुणी आलं नाही. मग एका सकाळी ते गाडीत बसले आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागले.

सीट पुढे सरकलेली होती. अगदी थोडी, एकाच खाचेने. कुणीतरी ती बरीच पुढे ओढली होती आणि मागे सारताना एक खाच विसरलं होतं. आमच्या घरात सीट इतकी पुढे ओढावी लागेल एवढं बुटकं माणूस एकच आहे.

आईला गाडी येत नाही, हे बाबा धरून चालले होते. आता बसून बसून त्यांनी सगळं जुळवलं. दुपारी जेवून ते झोपतात. शर्ट खुंटीवर असतो, गाडीची किल्ली शर्टाच्या खिशात. ते उठतात तेव्हा आई घरात असते, काहीतरी निवडत बसलेली. म्हणजे ती मधल्या वेळात जाऊन येते. कुठे? कुणाकडे? बहिणीकडे जात असेल? आईच्या बहिणीशी बाबांनी कधीचंच भांडण उकरून ठेवलं होतं. की आणखी कुणाकडे? हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "वाटलं, ही एक दिवस जाईल ती परत यायची नाही." विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही. विचारलं तर समोरचा खोटं बोलणार, ही त्यांची खात्री. माणसाला विचारून काय मिळतं? पकडावं लागतं.

म्हणून त्यांनी सापळा लावला. गाडीच्या डॅशबोर्डमागे हात घालून त्यांनी पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकवून ठेवला. आयुष्यभर लोकांचे काटे सरळ केलेल्या माणसाने स्वतःच्या बायकोसाठी एक काटा खोटा केला! लाल दिव्याचा बल्ब काढून खिशात टाकला. टाकीत फक्त तळाचं पेट्रोल ठेवलं. आणि कधी नव्हे ती गाडीची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला, सगळ्यांना दिसेल अशी अडकवली. बेत असा, की आपण झोपेचं सोंग घ्यायचं, ती निघाली की सायकलवरून मागे जायचं. जिथे जायची असेल तिथे पोचेल किंवा वाटेत अडकेल, पण परत काही यायची नाही. मग हातात सापडेल.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी एवढंच पाहिलं की सकाळी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, खिळ्यावरची किल्ली तिला दिसली आणि ती जागीच थबकली. बराच वेळ ती त्या किल्लीकडे बघत होती. मग कापडी पिशवी घेऊन बाहेर गेली, ती पिशवी जड करून आली आणि मागच्या मोरीत ठेवली. वर जुनी चादर टाकली. मग साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले.

"काय आणलंस गं?"

"लागतं घरात," आई म्हणाली.

दुपारी बाबा जेवले आणि आतल्या खोलीत आडवे झाले. थोड्याच वेळात घोरायला लागले. मी लहानपणापासून बाबांचं घोरणं ऐकलंय, खरं घोरणं अडखळत चालतं. हे एका सुरात चाललं होतं, शिकवल्यासारखं. मी दारातून डोकावले तर एक डोळा किलकिला. मी मनात म्हटलं, चाललंय काय या घरात? बाहेर आई शांतपणे शेंगा सोलत बसली होती. तीही कान देऊन ऐकत होती, हे तिच्या हातांवरून कळत होतं. एक शेंग सोलायची आणि थांबायची. बाबा तिच्या जाण्याची वाट बघत होते, ती त्यांच्या उठण्याची. मध्ये मी, आणि खिळ्यावर किल्ली.

मग घोरणं एकदम थांबलं.

मी आत धावले. बाबा उठून बसले होते, छाती एका हाताने आवळून. तोंड पांढरं, कपाळावर घाम. "काही नाही, जळजळ आहे," म्हणाले आणि आडवे झाले. मी रुग्णवाहिकेला फोन लावला. पाठवतो म्हणाले, कधी ते सांगेनात. आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"धर यांना. किल्ली खिळ्यालाच आहे."

आम्ही दोघींनी बाबांना कसंबसं गाडीत मागे आणलं. वजनांची पेटी बाजूला ढकलून चटई टाकली, त्यांचं डोकं मी मांडीवर घेतलं. आई परत घरात गेली आणि ती जड पिशवी घेऊन आली. "पायाशी ठेव. आडवी होऊ देऊ नको," एवढं बोलून ती पुढे बसली. सीट एका झटक्यात पुढे ओढली, आरसा वळवला, गाडी मागे घेतली, फाटकातून सुळकन बाहेर काढली. कुठे घासलं नाही, धक्का नाही. मी आ वासून बघत राहिले. बाबांनी वेदनेत दात आवळले होते, पण त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. तो जिंकलेल्या माणसाचा चेहरा होता.

"बघ," ते माझ्या कानाशी कुजबुजले. "येते हिला. बघितलंस ना?"

मला त्या क्षणी इतका राग आला! माणूस मरायला टेकलाय आणि पुरावे गोळा करतोय.

हॉस्पिटल नदीपलीकडे. मोठ्या रस्त्यावर पंप आला तशी आईने वेग कमी केला. आरशातून मागे बघत विचारलं, "अहो, पेट्रोल आहे ना?"

 या गाडीत किती उरलंय ते जगात एकट्या बाबांनाच ठाऊक होतं. पण सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगावं लागणार. काटा का खोटा, बल्ब कुठे गेला, किल्ली आज खिळ्यावर का.

"काटा बघ की," ते म्हणाले.

"अर्धा दाखवतोय."

"मग?"

आईने वेग वाढवला. मग पंप मागे पडला. बाबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि माझ्या मनगटावरची त्यांची पकड घट्ट झाली. मला वाटलं, दुखतंय म्हणून. पण ते मनातल्या मनात रस्ता मोजत होते. ती चौकी गेली. ती शाळा गेली. आता वळण. आता पूल.

"खालून, बंधाऱ्यावरून घे," ते एकदम म्हणाले.

"खालून लांब पडेल," आई म्हणाली. "पुलावरून दोन मिनिटांत पलीकडे."

"पुलावर गर्दी असते."

"रिकामा दिसतोय पूल."

"चढ नको गं घेऊस!" बाबा ओरडले, आणि ओरडण्याने त्यांना इतकी कळ आली की ते दुमडले.

 गाडी पुलाच्या तोंडाशी होती, वळायला जागाच नव्हती. चढाला लागताच इंजिनाने एक आचका दिला, मग दुसरा. मग आवाज बंद झाला आणि फक्त चाकांची घरघर राहिली. आईने गाडी उताराने मागे येऊ दिली, कडेला लावली, ब्रेक ओढला. पुन्हा चालू करून बघितलंसुद्धा नाही. पुलापलीकडे हॉस्पिटलच्या इमारतीचा वरचा मजला दिसत होता. खाली उतरून तिने मागचं दार उघडलं.

"किल्ली द्या."

"कसली?"

"झाकणाची. गळ्यातली. पिशवीत कॅन आहे."

मी पिशवीत हात घातला. तोच जुना कॅन, त्या सुट्टीच्या दिवसाचा. तो कधीच भंगारात गेला असं आम्ही समजत होतो. घरातून निघाल्यापासून मला पेट्रोलचा वास येत होता, मला वाटलं गाडीचाच असेल. बाबा त्या कॅनकडे बघत होते. ओठ निळे पडलेले, श्वास लागलेला. आणि अशा स्थितीत त्या माणसाने काय विचारावं?

"कॅन कुठून आणलास?"

"आधी जगा," आई म्हणाली. "मग चौकशी करा."

तरी त्यांची मूठ दोऱ्यावरून सुटेना. आई तशीच हात पसरून उभी राहिली. ओरडली नाही, हिसकावलं नाही. तिचे डोळे मात्र भरून आले. "इतकी वर्षं गाडीची किल्ली तुमच्या खिशातून बाहेर आली नाही," ती म्हणाली. "आज ती खिळ्याला लटकलेली दिसली तेव्हाच मला कळलं, काहीतरी डाव आहे. म्हणून शेजारून पेट्रोल मागून आणलं. काटा अर्धा दाखवतोय, पण माझा तुमच्या काट्यावर विश्वास नाही. आता तरी खरं सांगा. किती होतं टाकीत?"

बाबांनी डोळे मिटले. "पुलापर्यंत," ते म्हणाले. "बरोब्बर पुलापर्यंत."

त्यांनी दोरा डोक्यातून काढला आणि तिच्या हातात ठेवला.

कॅन रिकामा केल्यावर इंजिनाने थोडे आढेवेढे घेतले आणि मग ते धडधडलं. आम्ही पूल चढलो.

डॉक्टर म्हणाले, थोडा आणखी उशीर झाला असता तर आशा नव्हती. हे ऐकल्यावर बाबा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवून सगळं सांगितलं, नळी, सीट, बल्ब, सायकल. मी ऐकून घेतलं आणि मग खूप बोलले. आजारी माणसाला बोलू नये इतकं बोलले. म्हटलं, "तुम्ही तिला रस्त्यावर अडकवायला निघाला होतात. आई बाजूला राहिली, तुमचाच जीव अडकला असता त्या पुलापाशी."

संध्याकाळी आई डबा घेऊन आली. बाबांनी तिला बसायला सांगितलं. मग बराच वेळ चादरीचं टोक चुरगाळत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, पकडायच्या ऐवजी विचारलं.

"कुठे जायचीस?"

"कुठेच नाही."

"म्हणजे?"

"पलीकडच्या गल्लीतल्या गाडी शिकवणाऱ्या बाईंकडे शिकले. मग तुम्ही झोपलात की गोदामांच्या मागच्या रस्त्याने जायचे. तो रस्ता संपतो तिथे गाडी थोडा वेळ उभी करायची आणि परत यायचं."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. तेवढा वेळ मला कुणी कुठे होतीस म्हणून विचारत नसे." तिने डब्याचं झाकण उघडलं. "खाऊन घ्या, गार होतंय."

ती गेल्यावर बाबा माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता विचारणार, तुला पटतं का हे? त्यांच्या ओठांवर आलंच होतं ते. मी डोळे वटारले तसे ते जेवायला लागले.

डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला कायमची बंदी केली. आता आई गाडी चालवते आणि ते बाजूला बसून दुकानोदुकानी काटे तपासायला जातात. सीट तिच्या मापाला पुढे आहे. काटा बाबांनी दुरुस्त केला, बल्ब परत बसवला. तरी निघताना आई काट्याकडे बघत नाही, त्यांच्याकडे बघून विचारते, "किती आहे?" आणि ते सांगतात.

मध्ये मी पुन्हा माहेरी गेले होते. दुपारी बाबा जेवले आणि झोपायला न जाता अंगणात आले. म्हणाले, "आज मी घरीच आहे. तुला जायचं असलं तर जा." आईने हात पुसले, गाडीत बसली, किल्ली फिरवली. काटा चढत चढत पार वरच्या टोकाला जाऊन टेकला. तो तिथे गेलेला आम्ही कुणी कधी पाहिला नव्हता.

आईने इंजिन बंद केलं. खाली उतरली, पुन्हा बाबांच्या गळ्यात गेलेल्या दोऱ्याकडे हात केला. त्यांनी मुकाट्याने किल्ली दिली. तिने झाकण उघडलं, त्यांची ती प्लास्टिकची नळी मागून घेतली, टाकीत खुपसली, बाहेर काढली आणि उजेडात धरली.

नळी वरपर्यंत ओली होती.

"सकाळी पंपावरच्या माणसाला कॅन घेऊन बोलावलं आणि भरून घेतली," बाबा म्हणाले. ते तिच्याकडे नाही, गाडीच्या चाकाकडे बघत होते. "भरल्या टाकीवर ही गाडी कुठवर जाते, मला ठाऊक नाही. कधी मोजलं नाही."

आईने नळी पुसून त्यांच्या हातात दिली. झाकण लावलं, कुलूप मात्र लावलं नाही. मग ती गाडीत बसली आणि गेली. बाबा पायरीवर बसून राहिले, नळी मांडीवर घेऊन. दिवेलागणीला गाडी फाटकातून आत आली तेव्हा ते उठून उभे राहिले. त्यांचं तोंड उघडलं. मी श्वास रोखला.

"पाणी देऊ का तुला?" त्यांनी विचारलं.